व्याह्यांच्या मिशा आणि बहादरपूरची कॉफी

माझ्या धाकट्या जावेच्या वडिलांच्या मिशा मी चिकटवल्या, ही गोष्ट खरी आहे. मुद्दाम चिकटवल्या असं जे आमच्या गल्लीत अजून सांगतात, ते मात्र साफ खोटं. मला मुद्दाम काही चिकटवायचंच असतं, तर मी जावेचं तोंड चिकटवलं असतं.

आमचे मामंजी बऱ्हाणपुरातले सुताचे व्यापारी. मुंबईहून सुताचे गठ्ठे यायचे आणि आमच्या बैठकीवरून ते विणकरांकडे जायचे. सुताबरोबर खळीचा मालही जायचा. खळ म्हणजे चिंचोके भाजायचे, दळायचे आणि ते पीठ पाण्यात रटरट शिजवायचं. ती चिकट खळ सुताला फासली की धागा वाळून ताठ होतो, मागावर तुटत नाही. म्हणून आमच्या माजघराशेजारच्या खोलीत चिंचोक्यांची पोती कायम रचलेली. या पोत्यांवर लक्ष असू द्या. मी ठेवलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं.

त्या काळी आमच्याकडे चहा म्हणजे अजून नवलच होतं. सासूबाई त्याला ‘साहेबाचा काढा’ म्हणायच्या आणि कपबशीला सोवळ्यातल्या हाताने शिवायच्या नाहीत. पण मामंजींना मुंबईच्या फेऱ्यांत चहाची चटक लागलेली, आणि घरात करून देणारं कुणी नाही. तेवढ्यात मी सून म्हणून आले. माझं माहेर बहादरपूर. बऱ्हाणपूर ते बहादरपूर मधे काय, तर केळीच्या बागा! एवढ्याशा अंतरावरून येणाऱ्या मुलीला काय येणार, असं सासूबाईंचं मत होतं. पण मला चहा यायचा. बांधावरचा गवती चहा, ठेचलेलं आलं, गूळ, आणि दूध न फाटू देता उतरवलेला. (गुळाच्या चहात दूध फाटू न देणं हे येरागबाळ्याचं काम नाही. करून बघा.) मामंजींनी पहिल्या दिवशी बशीत ओतून घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “हं. आता उजाडलं.”

झालं. माझं बस्तान बसलं. रोज पहाटे मी चहा न्यायची, मामंजी घोट घ्यायचे, म्हणायचे, “हं. आता उजाडलं.” सूर्य आधी उगवलेला असला तरी त्याला कोण विचारतो. हे शब्द माझ्या वाटणीचे होते, घरात दुसऱ्या कुणाला ते मिळत नव्हते. आणि त्या कपाचा दुसराही एक गुण होता. तो कप हातात असताना मामंजींकडे काही मागितलं तर ते नाही म्हणत नसत. माहेरी जायचंय? जा. भावाला दुकानात ठेवायचंय? बघू, म्हणजे ठेवू. सासूबाईसुद्धा त्यांचं काही काम असलं की मला हळूच म्हणायच्या, “थोरले, सकाळी चहाच्या वेळी तेवढं काढ बरं का.” साहेबाच्या काढ्यात सासूबाईंचाही असा हिस्सा होता.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि मनोरमा आली. इंदूरची.

इंदूरची, हे तिच्या आधी घरात आलं आणि तिच्यानंतरही राहिलं. इंदूर म्हणजे राजाचं गाव. बऱ्हाणपूर पडलं इंग्रजी मुलखात. तिचे वडील इंदूर दरबारात नोकरीला, फेटा जरीचा आणि मिशा तर अशा पीळदार की दारातून आधी मिशा यायच्या, मग व्याही. लग्नाच्या मांडवातच ते मामंजींना म्हणाले होते, “बऱ्हाणपुरात सगळं आहे हो, पण प्यायला काही नाही.” मामंजी हसले. पण ते वाक्य त्यांनी मनात गाठ मारून ठेवलं, हे मला सकाळच्या चहाला कळलं.

मनोरमेच्या ट्रंकेतून लुगडी निघतील म्हणून आम्ही जमलो, तर निघालं एक हाताने फिरवायचं लहानसं जातं आणि कॉफीच्या दाण्यांचा डबा. बुंद म्हणायची ती त्या दाण्यांना. दुपारी तिने बुंद कढईत भाजले, दळले, पाण्यात उकळी आणली, फडक्यातून गाळलं, आटवलेलं दूध घातलं आणि वरून जायफळ उगाळलं. वास असा सुटला की समोरच्या घरातली माणसं ओट्यावर येऊन बसली. मामंजी बैठकीवरचा विणकर तसाच सोडून आत आले. एक घोट घेतला. डोळे मिटले. मी मनात म्हटलं, देवा, ते एवढं नको.

“हं,” मामंजी म्हणाले, “आता उजाडलं.”

संध्याकाळ होत आली होती हो! दिवेलागणीला माणसाचं उजाडायला लागलं, तर माझ्या पहाटेला काय किंमत उरली? मी स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना सगळी भांडी घासली. घासलेलीसुद्धा.

पुढे सकाळचा कपही गेला. मामंजी बिचारे संकोचाने म्हणाले, “थोरले, तुला उगाच पहाटेचा त्रास. धाकटी करेल.” त्रास म्हणे! माझ्या पोटात जो त्रास झाला तो गवती चहाने जाण्यातला नव्हता. आणि कपाबरोबर कपाचा गुणही गेला. मनोरमेने एका सकाळी कॉफी देता देता म्हटलं, ओसरीवर झोपाळा असता तर किती छान. आठवड्याच्या आत कड्यांचा झोपाळा टांगला. मी लग्न झाल्यापासून नवा पाटा मागत होते. जुन्याला टाकी लावून लावून त्याची परात झाली होती. पण पाटा काही आला नाही. मी त्या पाट्यावर चटणी वाटायची आणि समोर झोपाळ्याच्या कड्या कुरकुर वाजायच्या.

मी हातपाय मारले नाहीत असं नाही. चहात लवंग घातली, मिरी घातली, सुंठ घातली, एकदा तर केशर घातलं. सासूबाईंनी वास घेऊन विचारलं, “कोण बाळंत झालंय?” आमचे हे तर असे भोळे, की माझा चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “तुझाही बराय, पण धाकटीच्या कॉफीची सर नाही.” त्या दिवशी त्यांच्या पानात फक्त वरण-भात पडला. का, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मनोरमा स्वभावाने चांगली होती. माणूस खाष्ट असला की जळायला बरं पडतं. ही एक दिवस गोड आवाजात मला म्हणते, “जाऊबाई, तुम्हांला कॉफी शिकवू का?”

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई सांगायची. मी म्हटलं, “मला काय शिकवतेस? आमच्या बहादरपूरला केळीच्या बागेत कॉफीची झाडं आहेत. लहानपणापासून पीत आलोय आम्ही. कंटाळा आला म्हणून सोडली.”

दुसरी कुणी असती तर नाक मुरडून गेली असती. मनोरमेला ते खरं वाटलं! तिने डोळे मोठे केले आणि सरळ जाऊन मामंजींना सांगितलं. कौतुकाने सांगितलं, हेच तर दुखणं. मामंजींना माझ्या माहेरच्या बागेतलं झाडन्‌झाड माहीत असायला हवं होतं, पण त्यांना केळीचा नुसता भाव माहीत, बाग नाही. शिवाय त्यांच्या मनात ती मांडवातली गाठ होतीच. ते म्हणाले, “पुढच्या आठवड्यात व्याही लेकीला न्यायला येतायत. थोरले, तुझ्या बहादरपूरची कॉफी होऊन जाऊ दे. इंदूरकरांना कळू दे, बऱ्हाणपूरकडे प्यायला काय आहे ते.” मग जरा थांबून म्हणाले, “कॉफी जमली तर सकाळचा कप परत तुझ्याकडे. मग सूर्य कुठूनही उगवो.”

आता यात एक अडचण होती, ती समजून घ्या. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नाला शिवायचं नाही, अशी व्याह्यांच्या घरची कडक रीत. पोळी नाही, लाडू नाही, काही नाही. पण कॉफी हे पेय, ते अन्नात मोडत नाही, असा त्यांनी स्वतःच निवाडा केलेला. म्हणजे व्याह्यांचं जे काय आदरातिथ्य व्हायचं ते एका कपात. जेवणात मीठ कमी पडलं तर पक्वान्नावर भागतं. इथे सगळा डाव एकाच घोटावर होता.

आणि माझ्याकडे एक बुंद नव्हता.

मनोरमेच्या डब्यातून घेतले असते, पण मग ती तिचीच कॉफी झाली असती, आणि व्याह्यांनी ती बरोबर ओळखली असती. मी विचार केला. कॉफी म्हणजे काय? बी. भाजलेलं, दळलेलं, काळपट, कडवट. मग अशी बी आपल्याकडे काय थोडी आहे? शेजारच्या खोलीत पोती भरलीत! आणि खरं सांगते, चिंचोके भाजताना जो वास येतो ना, तो धाकटीच्या बुंदाच्या वासाचा सख्खा भाऊ. हे बाकीच्यांच्या लक्षात आलं नव्हतं, कारण चिंचोक्याकडे कुणी त्या नजरेने बघतच नाही. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. बहादरपूरच्या मुलीने इंदूरची कॉफी मोडीत काढली, असे शब्दसुद्धा मी मनात ऐकले.

दुपारी घर झोपल्यावर मी परसात चूल मांडली. खळीसाठी टरफल काढून टाकतात, मी रंगासाठी ते राहू दिलं. खरपूस भाजले, जात्यावर दळले, वस्त्रगाळ केले. रंग हुबेहूब. चिमूटभर जिभेवर ठेवली, तर कडू. कॉफीही कडूच, म्हणजे जमलं! शिजवून मात्र पाहिलं नाही, कारण वासाने सासूबाई उठल्या असत्या. (सासूबाईंच्या झोपेवर बाईची अब्रू कशी टांगलेली असते पाहा.)

व्याही आले. स्टेशनवरून टांग्यातून उतरले ते मिशांना पीळ देतच. बैठकीवर गादीवर बसले आणि इंदूरच्या दिव्यांची, इंदूरच्या रस्त्यांची, इंदूरच्या हत्तींची वर्णनं सुरू झाली. मामंजी ऐकून घेत होते. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाले, “आज आमच्याकडची कॉफी घ्या. थोरलीच्या माहेरची. बागेतली.”

आत मी चुलीपाशी. मनोरमा मदतीला आली, तिला मी हाकलली. उकळत्या पाण्यात पूड सोडली. वास झकास उठला. आता माझं सगळं शिक्षण चहाचं, आणि चहाचा नियम असा की जितका उकळाल तितका अंगी लागतो. मी उकळू दिलं. थोड्या वेळाने पातेल्यातून ‘भक्’ असा आवाज आला. मग परत ‘भक्’. चहा असा बोलत नाही. पिठलं बोलतं. डाव फिरवून पाहिला, तर जड. पाणी ओतलं, ते पाणी पातेल्याने गिळलं. दूध ओतलं, दूधही गिळलं. साखर टाकली, तर वर जाऊन बसली, आत जाईना. फडक्यात ओतून गाळायला गेले, तर खाली काही पडेना. फडकं पिळलं, तर फडक्याला फडकं चिकटलं आणि माझी बोटं मधे.

बाहेरून मामंजींची हाक आली, “थोरले, कॉफी येतेय का?”

येतेय म्हणजे काय, ती जागची हलत नव्हती! मी डावाने कपांत वाढली. हो, वाढलीच, ओतली नाही. वरून जायफळ उगाळलं आणि देवाचं नाव घेतलं. इभ्रत जायची तर जायफळासकट जावी.

कप बैठकीवर गेले. मी दाराआड, माझ्या मागे मनोरमा, तिच्या मागे सासूबाई. व्याह्यांनी कप उचलला, तिरका केला. काही आलं नाही. आणखी तिरका केला. तरी नाही. त्यांनी कपात वाकून पाहिलं, मग मामंजींकडे पाहिलं, आणि दबक्या आवाजात विचारलं, “शेठ, हे पेय आहे ना? मला अन्न चालत नाही, आपल्याला ठाऊक आहे.”

मामंजी अभिमानाने म्हणाले, “पेयच. दाट आहे, कारण घरची आहे.”

व्याह्यांनी डोळे मिटून कप तोंडाला लावला आणि जोर करून ओढला. सगळी कॉफी एकदम आली. तोंडात थोडी, मिशांवर पुष्कळ. ते कप खाली घ्यायला गेले, तर मिशांचे केस कपाच्या काठाला धरून राहिले. हळूच सोडवले. मग काहीतरी बोलायला गेले, पण वरचा ओठ खालच्याला सोडेना. बाहेर आलं ते नुसतं “उंम्म.” मामंजींना वाटलं, वाहवा देतायत. ते खूश होऊन म्हणाले, “आवडली? थोरले, व्याह्यांना आणखी आण.”

व्याह्यांनी दोन्ही हात जोडले. एवढ्यात मिशा वाळायला लागल्या होत्या. खळीचं कामच ते, धाग्याला ताठ करणं. पिळासाठी ते बोटाने मिशा वर सारत होते, त्या वरच राहिल्या. एक कानाकडे, एक आढ्याकडे. दरबारी माणूस, पण चेहरा असा झाला की कुणीतरी वरून दोऱ्याने उचलून धरलंय. माझ्या मागून सासूबाईंनी पदर तोंडात कोंबल्याचा आवाज आला.

आता मामंजींनी आपला कप उचलला. घोट घेतला आणि थांबले. कपात बोट घातलं. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, आणि हळूहळू लांब केलं. मधे तार आली. रोज सकाळी बैठकीवर विणकर खळीचा नमुना घेऊन येत, तेव्हा ते हेच करत. मी तो हात ओळखला.

“थोरले,” मामंजी म्हणाले, “ही खळ आहे.”

मी दाराआडून म्हटलं, “हो.”

“आणि बागेतली कॉफीची झाडं?”

“चिंचेची आहेत.”

मला वाटलं, आता मला टांग्यात घालून बहादरपूरला पोचवतील. सकाळचा कप तर गेलाच, आता दुपारची भाकरीही गेली. मामंजींनी तार आणखी लांब केली. उजेडाकडे धरली. त्यांचा चेहरा बदलत चालला. सासरे मागे पडले आणि व्यापारी पुढे आला.

“गुठळी नाही एक,” ते म्हणाले. “तार तुटत नाही. चिंचोके टरफलासकट भाजलेस का? विणकर मला असली खळ आणून दाखवत नाहीत. उद्या कर. दूध-साखर वगळून.”

मनोरमा मधल्या वेळात ऊन पाणी घेऊन गेली होती आणि बापाच्या मिशा भिजवत बसली होती. हसली नाही. मला हसली असती तरी चाललं असतं. चांगुलपणाचा एवढा मारा एका जावेने सोसायचा तरी किती? ओठ सुटल्यावर व्याही पहिलं वाक्य बोलले, आणि त्या वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं. ते म्हणाले, “अशी कॉफी इंदूरला मिळत नाही.”

मामंजींची मांडवातली गाठ तेव्हा सुटली.

सकाळचा कप मला परत मिळाला नाही. पण धाकटी माहेरची फेरी करून परतल्यावर पहाटे दोन चुली पेटायला लागल्या. एकीवर धाकटीची कॉफी, दुसरीवर माझी खळ. मामंजी आधी माझ्या पातेल्याशी यायचे, बोटाने तार काढायचे आणि म्हणायचे, “हं. आता उजाडलं.” मग जाऊन कॉफी गुपचूप प्यायचे. नवा पाटा आला. विणकर निरोप पाठवू लागले की खळ थोरल्या वहिनींच्या हातचीच द्या. मनोरमेने एकदा हळूच विचारलं, “जाऊबाई, मला खळ शिकवाल का?” मी म्हटलं, “इंदूरच्या हाताला जमायची नाही.” इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दिवाळीला मामंजींनी माझ्या खळीच्या सुताचं पहिलं लुगडं मुद्दाम विणून घेतलं आणि मला नेसवलं. मी सगळ्या गल्लीत मिरवून आले. परतल्यावर मनोरमेला म्हटलं, “तुझी कॉफी काय, घोटभर गेली की संपली. माझी बघ, गाव अंगावर घेऊन हिंडतंय.”

ती गोड आवाजातच म्हणाली, “हो ना. पण जाऊबाई, खळ पहिल्या धुण्यात निघून जाते म्हणतात, ते खरं का?”

एवढी वर्षं झाली, ते लुगडं मी अजून पाण्यात घातलेलं नाही. सणाला ट्रंकेतून काढते, नाकाशी धरते आणि परत ठेवते. अजूनही त्याला कॉफीचा वास येतो. धाकटी म्हणते, चिंचोक्याचा.